भुलेआधीची कळ

शस्त्रक्रियेच्या मेजावर रोगी आडवा होतो. त्याच्या हाताच्या शिरेत बारीक नळी अगोदरच बसविलेली असते. भूलतज्ज्ञ दुधासारखे पांढरे औषध त्या नळीतून सोडतो आणि मिनिटभराच्या आत रोगी गाढ झोपी जातो. मग पोट उघडले काय किंवा मोडलेले हाड सांधले काय, त्याला त्याची वार्ता नसते. परंतु औषध सोडल्यापासून झोप लागेपर्यंतच्या त्या अल्पशा अवधीत पुष्कळ रोग्यांच्या हातात एक जळजळीत कळ उठते. मनगटापासून कोपराकडे कोणी तापलेली सळई सरकवीत न्यावी तसे वाटते, असे लोक सांगतात. ही कळ लवकरच मावळते आणि बहुतेकांना नंतर ती धड आठवतही नाही. एवढ्याशा या कळेलाही इतिहास आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे असे आम्हांस वाटते.

विषय वैद्यकाचा, तो कामगार संघटनेच्या माणसाने कशाला हाती घ्यावा, असे कोणी विचारील. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांचे कागद वाचता वाचता. त्या कागदांनी आम्हांस एक गोष्ट पक्की शिकविली. दुखणी दोन प्रकारची असतात : एक वहीत चढणारी आणि दुसरी वहीत न चढणारी. १९४८ च्या कारखाने कायद्याने अपघात सरकारला कळविण्याचे बंधन मालकावर घातले. ते मृत्यूच्या बाबतीत होते, आणि ज्या दुखापतीने कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामाला मुकतो तिच्या बाबतीत होते. हा कायदा फार उपकारक ठरला, यात शंका नाही. पण सत्तेचाळीस तासांच्या दुखण्याचे काय, हा प्रश्न आम्ही गेटसभांत कितीदा ऐकला आहे! जे दुखणे मोजले जात नाही त्यावर उपाय शोधण्याची घाई कोणालाच नसते. भुलेआधीची कळ ही अशीच दीर्घकाळ वहीबाहेर राहिलेली वेदना आहे. ती वहीत कशी चढली आणि चढल्यावर तिच्यावर उपाय कसा सापडला, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

भुलेचा इतिहास १६ ऑक्टोबर १८४६ पासून सांगण्याची प्रथा आहे. त्या दिवशी अमेरिकेतील बॉस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने रोग्याला ईथरची वाफ हुंगविली आणि वॉरन या शल्यविशारदाने त्याच्या मानेवरची गाठ काढली. त्यापूर्वी शल्यविशारदाचा लौकिक हाताच्या वेगावर ठरे. रोग्याला चौघांनी दाबून धरावे आणि पाय कापून मोकळे व्हावे, असा तो काळ होता. ईथरची बातमी बोटीने हिंदुस्थानात आली आणि १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यात ईथर वापरले गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणले. १८४८ च्या जानेवारीत तेही कलकत्त्यास पोचले. आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ सालीच सुरू झाले होते. म्हणजे नवी विद्या आपल्या दारात यावयाला फार विलंब लागला नाही.

पुढची काही दशके वाद चालला तो मृत्यूचा. क्लोरोफॉर्म हुंगता हुंगता एखादा धडधाकट माणूस अकस्मात दगावे. आधी श्वास थांबतो की हृदय, यावर डॉक्टरांत दोन तट पडले. या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ व १८८९ साली निजामाच्या हैदराबादेत दोन आयोग बसले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. शल्यविशारद एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहावरून निजाम सरकारने खर्च सोसला आणि दुसऱ्या आयोगासाठी विलायतेहून लॉडर ब्रंटन यांना बोलाविले. जनावरांवर पुष्कळ प्रयोग झाले आणि आधी श्वास थांबतो, असा निर्णय देण्यात आला. पुढे १९११ साली लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले की, अर्धवट भुलेत क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवूनही प्राण घेऊ शकते. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी ही पारशी स्त्री क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात तरबेज झाली. जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. मृत्यूची चौकशी आधी झाली हे योग्यच झाले. पण नाकातोंडावर दाबलेल्या फडक्याखाली गुदमरणाऱ्या रोग्याला काय वाटते, यासाठी मात्र कोठेही आयोग बसला नाही.

आता सुईकडे वळू. आपल्या पनवेलची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. त्या काळी मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी होडीने पनवेल बंदराला उतरे आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढे. दुसऱ्याच वर्षी, १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. त्याच वर्षी एडिंबरोत अलेक्झांडर वुड आणि फ्रान्सात प्राव्हाझ या दोघा डॉक्टरांनी पोकळ सुईची पिचकारी स्वतंत्रपणे वापरात आणली. वुडला ती हवी होती मज्जातंतूच्या दुखण्यावर अफूचे सत्त्व थेट दुखऱ्या जागी पोचविण्यासाठी. वेदना शमविण्यासाठी आलेल्या या हत्याराची स्वतःची वेदना पुढे कोणी तरी मोजावी लागेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणार!

१८७२ हे साल पनवेलकरांस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांमुळे ठाऊक आहे. त्या साली त्यांनी येथे धूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढला आणि आयुर्वेदाची औषधे गावोगाव जाऊ लागली. त्याच साली फ्रान्समधील बोर्दो शहरात ओरे नावाचा डॉक्टर क्लोरल नावाचे गुंगीचे औषध जनावरांच्या शिरेत सोडून पाहत होता. १८७४ मध्ये त्याने ते धनुर्वाताच्या रोग्याला दिले. शिरेतून भूल देण्याचा मनुष्यावरचा हा आरंभीचा प्रयोग होय. क्लोरलने शीर दुखावते आणि एकदा शिरेत गेलेले औषध काही परत काढता येत नाही, म्हणून ही रीत तेव्हा रुजली नाही.

ती रुजली साठ वर्षांनी. १९३२ साली जर्मनीत एव्हिपॅन हे औषध निघाले आणि १९३४ साली अमेरिकेत थायोपेंटोन आले. आपल्याकडील जुनी माणसे त्याला पेंटोथाल या नावाने ओळखतात. ८ मार्च १९३४ रोजी विस्कॉन्सिनमध्ये राल्फ वॉटर्स यांनी ते प्रथम माणसाला दिले. मेयो क्लिनिकमधील जॉन लंडी यांनी त्याचा प्रसार केला. ईथरचा उग्र वास नाही, मुखवट्याखालची धडपड नाही. दंडातून गेलेले औषध रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोचते आणि माणूस बोलता बोलता झोपतो. रोग्यांच्या दृष्टीने ही मोठीच सुटका होती, आणि पुढची पन्नास वर्षे शस्त्रक्रियेच्या दाराशी हेच औषध उभे होते.

पण थायोपेंटोनचे द्रावण तीव्र अल्कलीचे. दाट द्रावणाने शीर जळजळे, म्हणून शेकडा ५ ऐवजी शेकडा २.५ चे पातळ द्रावण वापरण्याची चाल पडली. त्याहून भयंकर संकट दुसरेच होते. कोपराच्या लवणीत शिरेच्या शेजारूनच रोहिणी जाते. सुई चुकून रोहिणीत गेली तर औषध हृदयाकडे न जाता बोटांकडे धावते. हातात असह्य आग होते आणि बोटे काळी पडून गमवावी लागण्याचा प्रसंग येतो. म्हणून भूलतज्ज्ञांना असे शिकविण्यात आले की, आधी थोडेसे औषध सोडावे, क्षणभर थांबावे आणि रोग्याला विचारावे, 'दुखते का?' हा प्रश्न आमच्या इतिहासातील मोठा टप्पा आहे. तो करुणेतून आला नसेल, धोक्याच्या भयातून आला असेल. परंतु तो आला. मेजावर पडलेल्या माणसाचे उत्तर प्रथमच उपयोगाचे ठरले. त्याच्या दुखण्यात काही माहिती असते आणि ती त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाजवळ नसते, हे मान्य झाले.

यानंतर आले ते दुधासारखे पांढरे औषध. त्याचे नाव प्रोपोफॉल. ते रसायनांच्या ज्या कुळातील आहे त्याची ओळख पनवेलकरांना करून देणे सोपे आहे. येथून जवळ रसायनीला हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिची नोंदणी डिसेंबर १९६० ची. रसायनीत नायट्रोबेंझीन आणि अॅनिलिन तयार होई, तर फिनॉल तिच्या केरळातील कारखान्यात. २०१७ साली केंद्र सरकारने रसायनीतील तोट्याचे विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि तेथे उमेदीची वर्षे घालविलेली कितीतरी कुटुंबे आज या तालुक्यात आहेत. भुलेचे औषध काही तेथे होत नव्हते. पण अॅनिलिन आणि फिनॉल ही दोन नावे ध्यानात ठेवावीत, कारण आमच्या कथेत दुखविणारा एका घराण्यातला आहे आणि दुखणे थांबविणारा दुसऱ्या.

फिनॉल म्हणजेच जुने कार्बोलिक अॅसिड. लिस्टरने १८६० नंतरच्या दशकात जखमा सडू नयेत म्हणून तेच वापरले. रसायनांत काम केलेला कामगार त्याचा स्वभाव जाणतो : ते कातडीवर सांडले की जागा बधिर होऊ लागते आणि भाजले किती खोल ते मागाहून कळते. फिनॉलच्या कड्याला दोन बाजूंनी एकेक प्रोपिलचा गट जोडला की प्रोपोफॉल होते. इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत १९७३ साली जॉन ग्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचा भूल देण्याचा गुण आढळला. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रथम क्रेमोफोर नावाच्या द्रवात मिसळून देण्यात आले. १९७७ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि दोन तक्रारी पुढे आल्या : टोचताना दुखते आणि काहींना अंगावर घातक प्रतिक्रिया येते. औषध मागे घ्यावे लागले. ग्लेन यांनी नाद सोडला नाही. सोयाबीनचे तेल, ग्लिसरीन आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या पांढऱ्या पायसात ते घालून १९८३ पासून नव्याने चाचण्या झाल्या आणि १९८६ साली औषध बाजारात आले. २०१८ मध्ये ग्लेन यांना या कामाबद्दल लास्कर पारितोषिक मिळाले.

प्रोपोफॉलने भुलेची रीतच पालटून टाकली. रोगी चटकन झोपतो, चटकन आणि स्वच्छ जागा होतो; ओकारीचा त्रास कमी. सकाळी शस्त्रक्रिया करून सायंकाळी घरी जाणे जे शक्य झाले, त्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. घातक प्रतिक्रियेचे मुख्य कारण क्रेमोफोरबरोबर गेले. पण टोचतानाची कळ राहिली.

का राहिली? तेलाच्या थेंबात बहुतेक औषध बंदिस्त असते, परंतु थोडा अंश बाहेरच्या पाण्यात मोकळा राहतो आणि तो शिरेच्या आतल्या अस्तराला डिवचतो. वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर एक विशिष्ट द्वार असते. मोहरीचा झणका जाणवतो तोही याच द्वाराने. प्रोपोफॉल ते द्वार उघडते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. बारीक शिरेत दुखते जास्त आणि मोठ्या शिरेत कमी, याचे कारण समजण्यास सोपे आहे. तिखट पाणी गावातल्या अरुंद गटारात सोडले तर दोन्ही काठ पोळतात. तेच भरल्या पाताळगंगेत सोडले तर मधल्या धारेत मिसळून पातळ होते आणि काठाला फारसे लागत नाही. मळहातावरची, म्हणजे हाताच्या पाठीवरची, शीर हे ते गटार. कोपराच्या लवणीतली शीर ही ती नदी.

आता वहीचा प्रश्न. कळ येते हे सर्वांना ठाऊक होते, पण ती किती, कोणाला आणि केव्हा, हे मोजल्यावाचून उपायाची पारख होणार कशी? १९९० साली मॅकक्रिरिक आणि हंटर या दोन डॉक्टरांनी औषध थंड करून दिल्यास कळ कमी होते का, हे पाहण्यासाठी एक मोजपट्टी वापरली. थंड औषधाचा उपयोग पुढे सर्वत्र सारखा दिसला नाही, पण ती मोजपट्टी टिकली. तिच्या पायऱ्या चार. पहिली : विचारले तरी रोगी दुखत नाही म्हणतो. दुसरी : विचारले तरच दुखते म्हणतो, चेहऱ्यावर काही दिसत नाही. तिसरी : आपण होऊन सांगतो, किंवा विचारल्यावर सांगतो आणि चेहऱ्याहातावरही दिसते. चौथी : ओरडतो, हात ओढून घेतो, डोळ्यांत पाणी येते.

या चार पायऱ्यांत आम्हांस दुसरी सर्वांत मोलाची वाटते. विचारल्यावाचून न बोलणारा माणूस प्रथमच हिशेबात आला. आमच्या चळवळीतला बहुसंख्य माणूस याच पायरीवर उभा असतो. प्रेसवर बोटे सापडलेल्या एका सभासदाला शस्त्रक्रियेनंतर भेटावयास आम्ही गेलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "भाऊ, सुई टोचली त्याचं काही नाही. पण औषध सोडलं तेव्हा हातात निखारा फिरला." डॉक्टरांना का सांगितले नाही, असे विचारता म्हणाला, "कोणी विचारलं नाही. आणि ते तरी आपल्या भल्यासाठीच करतात ना, त्यांना काय सांगायचं!" या उत्तरात उद्धटपणा नाही, राग नाही. डॉक्टरांविषयी आदर आहे. आणि आपले एवढेसे दुखणे सांगण्याच्या लायकीचे नाही, अशी जन्मभराची समजूतही आहे. मालकापुढे, साहेबापुढे, कचेरीच्या खिडकीपुढे हीच समजूत घेऊन तो उभा राहतो. गप्प राहणाऱ्याला दुखत नाही असे धरून चालावे, तर जगातील निम्मी दुःखे कागदावरून पुसली जातील.

मोजमाप सुरू झाल्यावर चित्र स्पष्ट होत गेले. २००० साली पिकार आणि त्रामेर यांनी ५६ अहवालांतील ६,२६४ रोग्यांचा एकत्र हिशेब मांडला. काही उपाय केला नाही तर शंभरातील सुमारे ७० जणांना कळ येते, असे त्यात आढळले. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जलोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७७ चाचण्या आणि २५,२६० रोगी यांचा त्याहून मोठा ताळेबंद प्रसिद्ध केला. त्यात हा आकडा सुमारे ६० निघाला. म्हणजे ही कळ अपवाद नव्हे. उपाय न केल्यास ती न येणे हाच अपवाद.

आणि उपाय? येथे कथेतले दुसरे घराणे येते. स्वीडनमध्ये १९३० नंतरच्या दशकात बार्लीतील एका द्रव्याचा शोध चालू असता एर्टमन या रसायनज्ञाने त्याच्याशी साम्य असलेला एक पदार्थ जिभेला लावून पाहिला आणि जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट या दोघांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन सिद्ध केले. लुंडक्विस्टने स्वतःच्या अंगावर टोचून त्याची परीक्षा पाहिली. १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने विकले जाऊ लागले. दात काढताना हिरडीत जे टोचतात ते हेच. याचा सांगाडा अॅनिलिनच्या कुळातला आहे.

लिग्नोकेन शिरेत देऊन कळ थांबविण्याची युक्ती त्याहून जुन्या विद्येवर उभी आहे. १९०८ साली जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बियर यांनी हात वर आवळून बांधला, आतल्या शिरेत बधिर करणारे औषध सोडले आणि बांधलेला भाग सुन्न केला. भुलेआधीच्या कळेवरचा उपाय हे त्याचेच लहान रूप. पुढच्या बाहूवर रबरी पट्टा आवळावयाचा, मळहातावरील शिरेतून वजनाच्या दर किलोमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम लिग्नोकेन सोडावयाचे, अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत थांबावयाचे, पट्टा सोडावयाचा आणि मग प्रोपोफॉल द्यावयाचे. एवढ्याने दहा रोग्यांपैकी सुमारे सहा जणांची कळ टळते, असे २००० सालच्या हिशेबात दिसले. २०११ च्या ताळेबंदातही हा उपाय पहिल्या दोहोंत आला. दुसरा उपाय म्हणजे मळहाताऐवजी कोपराच्या लवणीतील मोठी शीर घेणे. त्याने कळेचा संभव जवळजवळ एक सप्तमांशावर येतो. याशिवाय लिग्नोकेन प्रोपोफॉलमध्ये मिसळून देणे, अफूवर्गातील औषध आधी थोडे देणे, तेलाचा प्रकार बदलून मोकळा अंश कमी केलेले प्रोपोफॉल वापरणे, हेही मार्ग कमीअधिक उपयोगी पडतात.

मग कोपराचीच शीर नेहमी का घेत नाहीत? याला कारणे आहेत आणि ती ऐकून घेतली पाहिजेत. कोपर वाकले की नळी अडते. तेथे रोहिणी शेजारी असते. थायोपेंटोनच्या काळातला धडा भूलतज्ज्ञ विसरलेले नाहीत. औषध शिरेबाहेर झिरपले तर मळहातावर लगेच दिसते, कोपरात उशिरा. लिग्नोकेनही सर्वांनाच चालते असे नाही. हृदयाच्या काही विकारांत ते विचार करून द्यावे लागते. ते प्रोपोफॉलमध्ये जास्त घातले आणि मिश्रण ठेवून दिले तर तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून पायस बिघडते. तेव्हा काय द्यावे आणि किती द्यावे, हे ठरविणे भूलतज्ज्ञाचेच काम. तातडीच्या प्रसंगी, रक्त वाहत असता, दोन मिनिटे थांबणे शक्य नसते हेही खरे. आम्ही कारखान्यात यंत्रावर बसलेल्या माणसाचे म्हणणे ऐका असे सांगतो. तोच न्याय भुलेच्या यंत्रापाशी बसलेल्या माणसालाही लागू केला पाहिजे.

पण ही कारणे बाजूला काढल्यावरही काही उरतेच. उरते ते असे की, कळ थोडा वेळ टिकते, लगेच झोप लागते आणि जागे झाल्यावर रोग्याला ती फारशी आठवत नाही. म्हणून ती टाळण्याची दोन मिनिटे पुष्कळदा वाचविली जातात. एका मेजावर दिवसाला अनेक शस्त्रक्रिया असल्या की दोन मिनिटांचे मोल वाढते. हे गणित आम्हांस परके नाही. यंत्रावरचे जाळीचे झाकण बसविण्यास दोन मिनिटे लागतात म्हणून ते काढून ठेवलेले आम्ही पाहिले आहे. आठवत नाही ते घडलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. त्या वीस-तीस सेकंदांत तो माणूस पुरता जागा असतो, घाबरलेला असतो, आप्तांपासून दूर एकटा असतो, आणि जगातली त्याची शेवटची जाणीव हातातल्या आगीची असते. लहान मूल असेल तर ते हात ओढते आणि रडते. त्याला समजावयालाही वेळ नसतो. या सेकंदांची किंमत शून्य धरण्याचा अधिकार कोणालाच नाही.

उपाय महागडा असता तर गोष्ट निराळी होती. लिग्नोकेन आणि प्रोपोफॉल ही दोन्ही औषधे भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. लिग्नोकेन लहानशा दवाखान्यातही मिळते; रबरी पट्टा तर रक्त काढणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असतो. यंत्र नको, परदेशी सामान नको, इमारत नको. लागतो तो विचार आणि थोडा वेळ. म्हणूनच ही बाब केवळ वैद्यकशास्त्राची राहत नाही. ती रिवाजाची होते, आणि रिवाज बदलण्यात लोकांचा हात असतो.

आमच्यापैकी बहुतेकांवर अथवा घरातल्या कोणावर तरी कधी ना कधी शस्त्रक्रियेचा प्रसंग येणार आहे. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटावयास येतात. दमा आहे का, कोणते औषध सोसत नाही, पूर्वी भूल घेतली होती का, असे विचारतात. त्या वेळी आपणही नम्रपणे तीन गोष्टी बोलाव्यात. "औषध शिरेतून जाताना दुखेल का?" "न दुखण्यासाठी काही करता येईल का?" आणि पूर्वीच्या वेळी हातात आग झाली असेल तर, "मागच्या वेळी असे झाले होते." कोणताही जाणता भूलतज्ज्ञ या प्रश्नांनी रागावणार नाही, उलट बहुतेकांना ते आवडतील, कारण ज्या गोष्टीवर त्यांच्याच शास्त्राने हजारो रोग्यांचा हिशेब मांडला तीच गोष्ट आपण विचारीत असतो. ज्यांना हे बोलण्याचा संकोच वाटतो त्यांच्या वतीने बरोबरच्या माणसाने बोलावे. संघटनेच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी सभासदाला रुग्णालयात पोचविताना जशी कागदपत्रांची आठवण करून द्यावी, तशीच ही आठवणही करून द्यावी.

मॉर्टनच्या ईथरपासून आजवर पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. तेव्हा पाय कापतानाची वेदना थांबविणे हा चमत्कार वाटला. आज अर्ध्या मिनिटाची जळजळ थांबविण्यासाठी शेकडो डॉक्टर चाचण्या करतात. कोणी याला चोचले म्हणतील. आम्ही याला माणसाच्या हिशेबात झालेली प्रगती म्हणतो. आठ तासांच्या दिवसाची मागणी प्रथम झाली तेव्हा तीही चोचल्यांतच जमा झाली होती. मोठ्या वेदनांचा बंदोबस्त झाल्यावर लहान वेदनांची पाळी येते, ती यावीच. आणि ती यावयाची तर ज्याला दुखते त्याने सांगितले पाहिजे, व ज्याच्या हाती उपाय आहे त्याने विचारले पाहिजे.